सील तोडलेली साठ खोकी

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

दुकानाच्या पायरीवर बसून खोकी मोजत आहे. टेम्पोवाला एकेक उतरवतो, मी वहीत एक रेघ मारतो, पाचवी रेघ आडवी. साठ झाली. पुन्हा मोजली, साठच. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा टेम्पोवाला म्हणाला, "मालक, मोजून मोजून वाढणार आहेत का?" मी म्हणालो, "कमी होऊ नयेत म्हणून मोजतोय." तो हसला. मला हसू आले नाही.

आजपासून या वहीत लिहिणार. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटले नाही. लिहून ठेवले की गोष्ट हरवत नाही.

व्यवहार असा. गेमच्या मशीनचे नवे मॉडेल गेल्या वर्षी आले, किंमत चाळीस हजार. आमच्या भागात ते काचेबाहेरून पाहायचे असते. जुन्या मॉडेलची छापील किंमत अजूनही साडेपंधरा हजार, त्यामुळे तेही कोणी घेत नाही. गोदामवाले काका घाऊक व्यापारी आहेत आणि सहा वर्षे त्यांच्याकडची बिघडलेली मशिने मी दुरुस्त करतो. त्यांच्याकडे ही साठ तीन वर्षे पडून होती. एकाला नऊ हजार या भावाने त्यांनी मला दिली. मी साडेअकरा हजारांना विकणार. साडेपंधराचे मशीन साडेअकराला मिळाले तर मरायला टेकलेले मॉडेल आणखी दोन वर्षे सहज जगेल, असा माझा हिशेब आहे.

एकूण ५,४०,०००. आगाऊ १,८०,००० दिले. त्यात माझे साठ हजार, ताईचे एक लाख वीस हजार. उरलेल्या ३,६०,००० चा चेक दिला आहे, तारीख ३१ मार्च. चेक वटला नाही तर दुकानाच्या भाड्यापोटी ठेवलेली अनामत काकांची, म्हणजे दुकानच गेले.

ताई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करते. तिला दुसऱ्या शहरात एक वर्षाच्या तंत्रज्ञ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. हे पैसे त्या फीचे आहेत. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "अरे, फी जूनमध्ये भरायचीय. तोवर बँकेत झोपून राहण्यापेक्षा तुझ्याकडे उभे राहू देत." जून म्हणजे वेळ आहे.

करारात सात कलमे होती. सगळी वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकले होते ते पेनने सुधारले. त्यातले एक सहाव्या कलमात होते: कंपनीने किंमत उतरवल्यास सीलबंद शिल्लक मालावर फरक मिळेल. आता आणखी कुठे उतरणार किंमत?

सही झाल्यावर काका म्हणाले, "माल कोरडा ठेव. सीलला हात लावू नकोस. आणि विकायची घाई करू नकोस फार. मार्च उजाडू दे, मग बघ."

विकायची घाई करू नकोस असे सांगणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. वय झाले आहे त्यांचे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोकी भिंतीला लावून रचली. दुकान दहा बाय आठ फूट. आता मी आणि खोकी यांच्यात एक स्टूल मावते. आई डबा घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "साठ खोकी आणि एक वेडा. एकसष्ट झाले."

दोन गेली.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी इस्त्रीवाल्या बाई आल्या. शुक्रवारी त्यांनी मशीन नेले होते, चौथे गिऱ्हाईक. ते पिशवीत घालून परत आणले.

"भाऊ, ह्यानं डिस्क गिळली आणि गप्प बसलंय. माझी दोन्ही पोरं कालपासून त्याच्यासमोर बसलीत, आजारी माणसासमोर बसल्यासारखी."

मी पाहतो म्हणालो.

"पाहा हो. वर्षभराच्या इस्त्रीचे पैसे आहेत हे. नवऱ्याला सांगितलंय की अर्धेच दिलेत."

उघडले. लेन्स ज्या रुळावर सरकते त्यावरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. चिप थंड ठेवणारी पेस्ट खडूसारखी भुगा. मशीन एकदाही वापरलेले नाही, नुसते गोदामात तीन वर्षे उभे राहून म्हातारे झाले आहे. स्पिरिटने पुसले, नवे ग्रीस, नवी पेस्ट. एक तास दहा मिनिटे. डिस्क बाहेर आली, पुन्हा आत गेली, चालली.

बाईंनी दोन तास स्टूलवर बसून ते चालताना पाहिले. जाताना म्हणाल्या, "बाकीची पण अशीच आहेत का हो?"

त्या गेल्यावर रांगेतली खोकी पुन्हा मोजली.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल आणखी एक खोके उघडले. तसेच. आज सकाळी दुसऱ्या टोकाचे उघडले. तसेच.

ठरवले. साठच्या साठ उघडायची. विकलेली चारही परत बोलावून फुकट करून द्यायची. प्रत्येकाला नवे ग्रीस, नवी पेस्ट, दोन तास चालवून पाहायचे, मग खोक्यात एक कार्ड: मशीनचा क्रमांक, तारीख, माझी सही. दिवसाला तीन.

ताई म्हणाली, "सगळीच कशाला उघडतोस? थोडी ठेव की तशीच. काका सीलचं काहीतरी म्हणाले होते ना?"

"जे मी पाहिलं नाही ते मी विकू कसं?"

"लोक विकतात."

"लोक रस्त्यावर रोज भेटत नाहीत. इस्त्रीवाल्या बाई मला रोज भेटतात."

सील कापायला नवे ब्लेड घेतले. जुन्याने कड फाटते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बावीस तयार. नऊ विकली. सील नसल्याचा त्रास होत आहे. आज एक गृहस्थ बायकोला घेऊन आले, भाव ऐकून खूश झाले, मग खोके उलटसुलट करून पाहिले.

"सील कुठंय?"

मी सगळे समजावून सांगितले. ग्रीसचा डबाही दाखवला.

ते बायकोला म्हणाले, "वापरलेलं आहे. चल."

मी म्हणालो, "साहेब, वापरलेलं नाही, तपासलेलं आहे."

"तेच ते," म्हणाले आणि गेले. तेच ते कसे? दिवसभर ते डोक्यातून गेले नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बारा चाळीसला ताई दुकानात आली. कामाच्या दिवशी ती कधी येत नाही. हातात तपकिरी पाकीट होते, मधोमध दुमडलेले. खोक्यावर बसली.

"किती गेली?"

"चौदा."

"आज?"

"आज एकही नाही."

तिने भिंतीकडे पाहिले. ओठ हलत होते, बहुतेक उरलेली मोजत होती. मग विचारले, "बँक अडीचला बंद होते का रे?" मी म्हणालो चारला. पाकीट कसले विचारले तर म्हणाली, "पगाराचे कागद." मग "बरं" म्हणून उठली. बँक उजवीकडे आहे. ती डावीकडे गेली. घाईत असेल.

एकोणपन्नास तयार.

१ मार्च, रविवार

ताईने प्रवासासाठी घेतलेली निळी बॅग आज पुन्हा माळ्यावर टाकली. विचारले तर म्हणाली, "चेन अडकते तिची."

दुपारी बॅग उतरवून पाहिली. चेन अडकत नव्हती. तरी मेणबत्ती घासून ठेवली. जूनपर्यंत चालेल.

४ मार्च, बुधवार. दुपारी ३ वाजून २५ मिनिटे.

साठावे संपवले. पाठ ताठ होत नाही, पण वहीत साठ क्रमांक, साठ तारखा, साठ सह्या आहेत. एकाही मशीनबद्दल मला शंका नाही. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच चहा गरम असताना प्यायलो.

६ मार्च, शुक्रवार



चौकातल्या चार मजली दुकानावर सकाळी कापडी फलक लागला. जुने मॉडेल, ९,९००. मला वाटले रंगाऱ्याने चूक केली. आत जाऊन विचारले. तिथला व्यवस्थापक टायवाला (तो उन्हातसुद्धा टाय काढत नाही) म्हणाला, "कंपनीनं आजपासून उतरवलीय. सगळीकडे. तुला कळवलं नाही तुझ्या घाऊकवाल्यानं?" आणि मग, "तू साडेअकराला विकतोयस ना? वाईट झालं रे." तोंडाने वाईट म्हणाला, पण बोटांनी टायची गाठ नीट करत होता.

मला नऊला पडले आहे. सतरा विकली, त्रेचाळीस शिल्लक. त्यांची खोकी कोरी, सीलबंद, ९,९००. माझी उघडलेली. माझ्याकडून कोण घेणार?

घरी सांगितले. ताई म्हणाली, "करारात भाव उतरण्याचं काही होतं ना?"

पळत जाऊन करार काढला. कलम सहा. मी स्वतः सुधारलेले.

सीलबंद शिल्लक मालावर.

९ मार्च, सोमवार

काकांचा हिशेबनीस मोजायला आला. बारीक माणूस, कानामागे पेन्सिल. मी स्टूल दिले, बसला नाही.

"शिल्लक किती?"

"त्रेचाळीस."

"त्यात सीलबंद?"

"एकही नाही."

त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि माझ्याकडे पाहिले. "एकही नाही म्हणजे? पाऊस शिरला का दुकानात?"

"मी उघडली. तपासायला."

"सगळी?"

"सगळी."

तो खोक्यांच्या रांगेसमोरून एकदा गेला, एकदा परत आला. प्रत्येक कडेवर बोट फिरवले. ब्लेडने इतके सरळ कापलेले पाहून म्हणाला, "काम मात्र सफाईचं आहे." मग बोलत बोलत लिहिले: "एका नगाला घाऊक भावातला फरक साडेतीन हजार. त्रेचाळीस नग. दीड लाख पाचशे." ते लिहून त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली शून्य काढले. सही माझी घेतली.

चार तारखेला शेवटचे सील कापले. सहाला भाव उतरला. आणि ती त्रेचाळीस मी एकेक करून, हाताने, नव्या ब्लेडने उघडली आहेत. कोणी सांगितले नव्हते. उलट सांगितले होते ते केले नाही.

१० मार्च, मंगळवार

काकांच्या गोदामात गेलो. रागाने गेलो होतो. ते पत्र्याच्या कपाटाजवळ बसून पावत्या लावत होते.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पावत्या खाली ठेवल्या. "दार लावून घे." मी लावले. "कंपनीनं जानेवारीत सांगितलं. तोंडी. बाहेर फुटलं तर एजन्सी काढून घेऊ म्हणाले. मी तुला काय सांगायला पाहिजे होतं, ढोल वाजवून?"

"मला एवढं तरी—"

"सील तोडू नकोस म्हणालो. मार्च उजाडू दे म्हणालो. कलम घातलं. ते कलम मी कोणत्या करारात घालतो? फक्त तुझ्याच करारात घातलं. नऊला घेतलेलं तुला साडेपाचला पडलं असतं. तुझं भलं व्हावं म्हणून केलं होतं, शहाण्या!"



ते थोडे निवळले. म्हणाले, "कंपनीला काय, नवं मॉडेल पैसेवाल्यांना विकते. पण जुन्याचा भाव पाडला की ते घराघरांत जातं, आणखी तीन वर्षं जगतं, आणि तेवढी वर्षं त्याच्या डिस्क विकल्या जातात. खरी कमाई तिथं. तुला वाटलं होतं हे तुलाच सुचलंय?"

खरे सांगायचे तर तसेच वाटले होते.

चेकची तारीख पुढे न्या म्हणालो. "चेक एकतीसला लागेल. माझ्याही मागे कोणीतरी उभा आहे." दारापर्यंत सोडायला आले आणि खांद्यावर हात ठेवला. तो हात मला फार जड वाटला.

घरी येऊन वहीत काकांची वाक्ये शोधली. ३ फेब्रुवारी. जशीच्या तशी लिहिलेली आहेत. त्याखाली मी लिहिले आहे, वय झाले आहे त्यांचे.

१४ मार्च, शनिवार

भाव साडेनऊ केला. सोबत एक वर्षाची लेखी हमी. तीन गेली. एका मशीनमागे पाचशे सुटतात, त्यातले शंभर-सव्वाशे पेस्ट-ग्रीसमध्ये गेलेलेच आहेत.

दुपारी शाळेच्या बसचे चालक आले. त्यांनी गेल्या महिन्यात साडेअकराला नेले होते. बस रस्त्यातच उभी करून, सगळ्यांसमोर ओरडू लागले. "महिन्याभरात दोन हजार उतरवलेस? मला काय आंधळा समजलास? मी बायकोला सांगितलं, ओळखीचा आहे, फसवणार नाही!"

मी हजार परत दिले. घ्यायचे की नाही असा त्यांचा हात पुढेमागे झाला, मग घेतले. आता बाकीचे सोळाजणही येणार. आले तर त्यांनाही द्यावे लागतील, नाहीतर मी ओरडणाऱ्यालाच देतो असे होईल. संध्याकाळपर्यंत आणखी चौघे आले. पाच हजार गेले.

इस्त्रीवाल्या बाई मात्र आल्या नाहीत. मीच हजार घेऊन त्यांच्याकडे गेलो तर म्हणाल्या, "जा घेऊन. अर्धेच दिले म्हणून सांगितलंय नवऱ्याला, आता त्यात आणखी हिशेब नको."

१७ मार्च, मंगळवार

आज एक वेगळे गिऱ्हाईक आले. आठवड्यापूर्वी चार मजली दुकानातून सीलबंद मशीन घेतलेले. डिस्क आत अडकलेली.

"तिथं म्हणाले कंपनीच्या केंद्रात पाठवू, चाळीस दिवस लागतील. पोरगी जेवत नाहीये."

उघडायच्या आधीच मला माहीत होते. ग्रीस मेण, पेस्ट खडू. तीच वर्षे, तसेच कुठलेतरी गोदाम. साठ करून हात बसला आहे, पस्तीस मिनिटांत झाले. चारशे घेतले. ते गृहस्थ माझ्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "ही उघडलेली का आहेत सगळी?"

मी सांगितले.

"म्हणजे मी तुमच्याकडूनच घ्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि हसले. मला काय वाटले ते लिहिता येत नाही. आनंदही नव्हता तो.

२४ मार्च, मंगळवार

आठवड्यात एकोणीस दुरुस्त्या, सगळी मशिने त्याच चार मजली दुकानातली. पायरीवर माणसे बसलेली असतात, मांडीवर मशिने घेऊन. त्यांतल्या एकाचे मशीन फारच बिघडले होते, त्याने ते त्या दुकानाला परत दिले आणि माझ्याकडून उघडलेले घेतले. आतापर्यंत नऊ विकली साडेनऊने.

पण आकडा आकडाच आहे. एकतीसला ३,६०,००० लागतात. सगळे धरून २,७३,६५० होतात. सात दिवस. जेवतानाही ताटाशेजारी वही उघडी होती. आई म्हणाली, "आकडे खाऊन पोट भरतं का तुझं?"

२८ मार्च, शनिवार

टायवाला स्वतः आला. पंख्याखाली उभा राहिला तेव्हा टाय उडून खांद्यावर गेला. ताई डबा घेऊन आली होती, मागे खोक्यावर बसली होती.

"काम आहे," तो म्हणाला. "गोदामात एकशे ऐंशी पडलीत. विकली की परत येतात. रोज वीस माणसं माझ्या टेबलासमोर बोंबलतायत. विकायच्या आधी तू करून देशील का, तुझं ते ग्रीस-बीस?"

"सील तोडावं लागेल."

"तोड की. आमचा फरक मिळाला कंपनीकडून. आता सीलची काय पूजा करायचीय?"

मी खाली पाहिले. तो म्हणाला, "अडीचशे देतो एकाचे." मी तीनशे म्हणणार होतो. मागून ताई म्हणाली, "चारशे. आणि चाळीस हजार आगाऊ."

"ही कोण?"

"बहीण."

"मालकांना विचारावं लागेल."

"विचारा," ताई म्हणाली. "पण सोमवारपर्यंत. मंगळवारपासून तो पाचशे घेणार आहे."

मी असे काही घेणार नव्हतो. तो गेल्यावर तिला म्हणालो तर ती म्हणाली, "गप्प बस आणि जेव."

३० मार्च, सोमवार. दुपारी ४ वाजून ५ मिनिटे.

आज लिहितो ते मिनिटांसकट लिहितो.

सकाळपर्यंत साडेनऊने चौदा विकली होती. बँकेत आणि हातात मिळून ३,२५,८५०. कमी ३४,१५०. टायवाला दुपारी बाराला येतो म्हणाला होता. बारा वाजले. एक वाजला. दोनला मी त्याच्या दुकानात गेलो, मालक बैठकीत आहेत. परत आलो. दोन चाळीसला पुन्हा गेलो, अजून बैठकीत. शटर अर्धे ओढून आत बसलो. अनामतीची पावती ड्रॉवरमध्ये आहे, ती काढून पाहिली, घडी घालून परत ठेवली. नाव ताईचे आहे त्यावर. हे मी विसरलो होतो.

तीन पंचविसाला टायवाला आला, टाय सैल, घामाघूम. पाकीट दिले. मोजायला घेतले तर म्हणाला, "मालकांनी मोजलेत." मी तरी मोजले. त्याने कपाळाला हात लावला. चाळीस हजार. बरोबर.

पळालो. तीन एक्कावन्नला बँकेत. पुढे तीन माणसे. नोटा मोजायचे यंत्र एका ओल्या नोटेवर अडकले. खिडकीवरच्या बाईंनी ती नोट फुंकर मारून सुकवली. तीन अठ्ठावन्नला पावतीवर शिक्का.

३,६५,८५०.

बँकेच्या पायरीवर बसलो.

३१ मार्च, मंगळवार

चेक वटला. काकांचा फोन आला. "मिळाले," एवढेच म्हणाले. मग, "तुझं ते ग्रीस कोणतं? माझ्याकडे अजून नव्वद पडलीत."

१ एप्रिल, बुधवार. रात्री ९ वाजता.

आज सकाळी ताळा मांडायला बसलो. ताईच्या पैशांसमोर मुदत लिहायची होती, ती नक्की काय म्हणाली होती ते पाहायला वही मागे उलटली. जून. पण उलटताना बाकीची पानेही वाचली. सत्तावीस फेब्रुवारी वाचले. एक मार्च वाचले. पुन्हा सत्तावीस वाचले.

मेणबत्ती घासली होती मी त्या चेनला.

अकरा वीसला संस्थेत फोन केला. कारकून म्हणाला, "जून? जूनमध्ये आमच्याकडे काही नसतं हो. फी अठ्ठावीस फेब्रुवारीला बंद झाली. पुढची तुकडी ऑगस्टची. अर्जाचे पंधराशे, ते आत्ता भरता येतील." नाव विचारले. ताईचे सांगितले. तो म्हणाला, "हो हो, त्यांनी स्वतः येऊन जागा सोडली होती. रडत होत्या म्हणून लक्षात आहे."

कोपऱ्यावरच्या इंटरनेट केंद्रातून ताईच्या नावाने पंधराशे लगेच भरून आलो. छापील पावती ताईच्या निळ्या बॅगेत, आतल्या खणात ठेवली. बॅग माळ्यावरच आहे.

जेवताना ताईने विचारले, "ताळा लागला?"

"लागला."

"माझे जूनला दे. घाई नाही."

"बरं," मी म्हणालो.

आई माझ्याकडे पाहत राहिली. वाटीत आमटी उरली नसताना मी वाटी तोंडाला लावली होती.

ताळा:

गेले. माल ५,४०,०००, पूर्ण फेडले. पेस्ट, ग्रीस, स्पिरिट, ब्लेड ६,८५०. जास्तीची वीज २,३००. कार्डे आणि फलक ९००. गिऱ्हाइकांना परत ५,०००. अर्ज १,५००. एकूण ५,५६,५५०.

आले. सतरा मशिने १,९५,५००. चौदा मशिने १,३३,०००. एकतीस दुरुस्त्या १२,४००. आगाऊ ४०,०००. घातलेले भांडवल १,८०,०००. एकूण ५,६०,९००.

हातात ४,३५०. भिंतीला एकोणतीस खोकी, सगळी उघडलेली, सगळी पाहिलेली.

देणे. चार मजली दुकान: आगाऊ घेतलेल्या पैशांत शंभर मशिने करून देणे, उद्यापासून, दिवसाला आठ.

देणे. ताई: १,२०,०००. तिने सांगितलेली मुदत जून. खरी मुदत २८ फेब्रुवारी होती, ती माझ्यामुळे गेली. आता १ ऑगस्ट. तिच्यासमोर जूनच म्हणायचे, आणि मेमध्ये द्यायचे.